माशीचं पारणं

आमच्या घरात कांदा येत नाही, लसूण येत नाही, बटाटा, गाजर, मुळा, रताळं यांतलं काहीही उंबऱ्याच्या आत येत नाही. जमिनीखाली जे वाढतं ते आम्ही जैन लोक खात नाही. एका कंदात अनंत जीव असतात, हे आम्हाला बोलायला लागायच्या आधीपासून शिकवलेलं असतं. अशा घरात मी, लग्नाला पंचवीसेक वर्षं झालेली सून, एका दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून दोन कंद घेऊन आले. कोरड्या वाळूत ठेवलेले, सुपारीपेक्षा थोडे मोठे.

"हे काय आणलं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना घरीदारी सगळे बाईजी म्हणतात, मीही तेच म्हणते. माझं माहेर परतूरचं. तिथे कापसाच्या व्यापारात आमची मारवाडी पार मोडून गेलेली, म्हणून बाईजी पहिल्या दिवसापासून माझ्याशी इथल्या मराठीतच बोलत आल्यात.

"झाडाचे कंद आहेत. खायचे नाहीत."

"खायचे न्हाईत, मंग कायला आणले?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर लांबलचक होतं आणि मी प्रवासाने कावलेली होते, त्यामुळे "लावायला" एवढंच म्हणाले. त्यावर बाईजींनी अट घातली: स्वयंपाकघराच्या आसपास दिसता कामा नयेत. म्हणून दोन्ही कुंड्या गच्चीवर गेल्या.

लांब उत्तर असं. मी जालन्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. कोल्हापूरला ज्या सरांच्या हाताखाली मी एम. एस्सी. केलं त्यांनी उभं आयुष्य सह्याद्रीच्या कडेकपारीत आणि जंगलाच्या काठाकाठाने एका वेलीच्या मागे घालवलं. तिला कंदीलफूल म्हणतात. फूल बोटाच्या पेराएवढं. खाली फुगीर, मध्ये नळी, आणि वर पाच बारीक पाकळ्या टोकाला एकत्र येऊन पिंजरा झालेल्या. या वेलीचे बरेच प्रकार आहेत. सरांचा जो होता तो त्यांना एकाच उतारावर सापडला होता, दुसरीकडे कुठेच नाही. रस्ता रुंद करताना तो उतार गेला. सरांनी हाती लागले तेवढे कंद वाचवून चार विद्यार्थ्यांना वाटले आणि काही स्वतःकडे ठेवले. बाकीच्यांचे फुटलेच नाहीत. सरांच्या अंगणातले घुशींनी खाल्ले. राहिले माझे दोन, जालन्यात, सिमेंटच्या गच्चीवर, बियाण्याच्या दुकानदाराच्या घरात. माझा नवरा शहरभर बियाणं विकतो, आणि मला जे बी हवं होतं ते कुठल्याच दुकानात मिळणारं नव्हतं.

बी का हवं होतं, तेही सांगते. गेल्या वर्षी दोन्ही वेलींना पहिल्यांदाच कळ्या आल्या, आणि त्याच सुमारास श्रावणातल्या झडीने एका कुंडीची माती दिवसेंदिवस ओली राहिली. बुडाशी वेल मऊ पडली, तपकिरी झाली. मी कंद उकरून पाहिला तर अर्धा सडला होता. वेलीचे तुकडे लावून पाहिले, तेही कुजले. सरांना फोन केला. ते म्हणाले, "या मोसमापुरतीच आहे ती. काय व्हायचं ते आत्ताच होईल." या वेलीला स्वतःच्या परागाने शेंग धरत नाही, दोन वेगळ्या वेली लागतात. म्हणजे आजारी वेलीच्या फुलातला पराग चांगल्या वेलीच्या फुलात पोचला तर बी. नाही पोचला, तर माझ्याकडे उरणार एक एकटी वेल. ती कितीही वर्षं फुलली तरी वांझ.

पराग मीच का नाही पोचवला, असं कुणीही विचारेल. या फुलात पराग भुकटीसारखा नसतो. मेणासारख्या दोन पिवळ्या कणांची जोडी असते, आणि ती फुलाच्या तळाशी, कोंदणात. सर केसाच्या टोकाने ती काढत. मी भिंग लावून, श्वास रोखून प्रयत्न केला आणि एक फूल फाडून बसले. तेव्हा हे काम ज्याचं आहे त्याच्यावर सोपवायचं ठरवलं. ते काम माशीचं. चिलटाएवढी माशी वासाला भुलून नळीत शिरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. दिवसभर, कधी त्याहून जास्त, ती तळाशी धडपडते. त्या धडपडीत परागाची जोडी तिच्या तोंडाला अडकते. मग केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते आणि अक्कल न आल्यासारखी दुसऱ्या फुलात शिरते. तिथे पुन्हा कोंडली जाते, पुन्हा धडपडते, आणि तेव्हा कुठे पराग जागेवर बसतो.

आता आमच्या घरात माशी आणायची कुठून? बाईजी माशी मारत नाहीत, पण बसूही देत नाहीत. पदराने हाकलत हाकलत तिला दारापर्यंत पोचवून येतात. त्यात पर्युषण सुरू झालेलं. आठ दिवस हिरवी भाजी बंद, पाणी उकळून, प्रत्येक भांड्यावर झाकण. बाईजींनी अठाई धरली होती, म्हणजे आठही दिवस अन्न नाही, दिवसाउजेडी उकळलेलं पाणी तेवढं. पंच्याहत्तरीला टेकलेली बाई, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. नवऱ्याने विरोध करून पाहिला. "तुझ्या बापानं बी अडवलं न्हाई," एवढ्यावर तो विषय मिटला.

मी हळूच एक काळं पडलेलं केळं कुंड्यांपाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईजींना वास आला.

"सडवून राह्यली तू? पर्युषणात? किती जीव पडतील त्याच्यात!"

केळं उचलावं लागलं. पण तेवढ्यात काम झालं होतं, दोनचार बारीक माश्या कुंड्यांभोवती घुटमळायला लागल्या होत्या. आजारी वेलीची दोन फुलं उमलली होती, एक कळी मागे होती. मी कॉलेजला जाताना बाईजींना म्हणाले, "पालीवर तेवढं लक्ष ठेवा." उपासात त्यांना खाली करमत नव्हतं, त्या माळ घेऊन गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसायच्या. माझ्या मते याहून चांगला राखणदार मिळाला नसता.

दुपारी परत आले तर दोन्ही फुलं उभी चिरलेली. सरळ, नीट, शेंग सोलावी तशी. मला आधी वाटलं पक्ष्याने टोचलं.

"कुणी केलं हे?"

"मी." बाईजींच्या आवाजात अपराध नव्हताच. "आत माशी अडकून राह्यल्ती. सकाळधरनं बघून राह्यले मी. फूल उन्हात धरलं का सावली दिसते तिची. वर चढती, खाली पडती. दोन्हीत एकेक होती. सोडून देल्या."

"तुम्ही या दिवसांत कोथिंबिरीचं पानसुद्धा तोडत नाही. फूल फाडलंत?"

"फुलाला एक इंद्रिय. माशीला चार. मंग कुणाला वाचवायचं? तूच मास्तरीण हायेस, सांग."

त्यांचं बरोबर होतं, हेच मला सहन होईना. आमच्या धर्माच्या हिशेबाने त्यांनी तसूभरही चूक केली नव्हती. मी पर्स गच्चीवर आपटली. तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या दयेने एक अख्खी जात बुडवली, असंही म्हणाले. उपाशी म्हाताऱ्या बाईवर ओरडते आहे हे मला दिसत होतं आणि थांबता येत नव्हतं. बाईजी ऐकून घेत राहिल्या. मी दमले तेव्हा म्हणाल्या, "आता नीट सांग. काय बिघडलं?"

मी सांगितलं. वर लिहिलंय तेवढं सगळं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"मरत न्हाई ती आत?"

"नाही. सुटते."

"खाती काय तोवर?"

"ते नीट कुणालाच माहीत नाही."

"म्हंजे उपाशीच," बाईजी म्हणाल्या. मग उरलेल्या कळीकडे वळल्या. "ह्याला हात लावणार न्हाई मी. बिलकुल."

कळी संवत्सरीच्या दिवशी उमलली. पर्युषणाचा हा शेवटचा दिवस, वर्षभरात कळत नकळत दुखावलेल्या सगळ्या जिवांची क्षमा मागायचा. दुपारी माशी आत गेली. मी स्वतः पाहिली. जवळच्या भिंतीवर पाल होती, कुंडीच्या बुडाला मुंग्यांची रांग लागली होती. मी कुंडी पाण्याच्या परातीत ठेवली आणि पालीला हाकलत बसले. वर्गातल्या पोरींनी मला असं पाहिलं असतं तर आयुष्यभर हसल्या असत्या.

संध्याकाळी बाईजी स्थानकातून, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेतून आल्या. आठ दिवसांच्या उपासानंतर त्यांच्याने जिना चढवत नव्हता, तरी माझा हात धरून वर आल्या. फुलासमोर उभं राहून हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्," म्हणाल्या, आणि कुंडीला टेकून खाली बसल्या. मला रडू आलं. रागही पुरता गेला नव्हता, दोन्ही एकदमच होतं.

सकाळी पारणं होतं. अठाईचं पारणं म्हणजे आमच्याकडे लग्नघरासारखी गडबड. नणंद औरंगाबादहून आलेली, शेजारणी, स्थानकातल्या बायका, सगळ्या खाली जमलेल्या. मुगाचं पाणी गाळून ठेवलेलं, चांदीची वाटी घासून ठेवलेली. पारणं करवायला प्रत्येकीला पहिला घोट आपल्या हाताने पाजायचा असतो. आणि बाईजी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत.

"माशी हाय अजून आत," त्या म्हणाल्या. "ती बाहेर येईस्तोवर मी काही घेणार न्हाई. पाणी बी न्हाई. काल पच्चक्खाण घेतलं मी."

पच्चक्खाण म्हणजे प्रतिज्ञा, आणि घेतलेलं पच्चक्खाण बाईजी मोडतील ही आशा त्यांना ओळखणाऱ्या कुणालाच नव्हती. नणंदेने समजावलं. नवऱ्याने आधी समजावलं, मग चिडला, मग माझ्याकडे वळला. "फाड ते फूल."

"तिनं फाडायचं न्हाई," बाईजी म्हणाल्या. "पैली दोन मी फाडली. ह्ये राहू दे तिचं."

म्हणजे त्या माझ्यासाठी बसल्या होत्या. माशीसाठी उपाशी आणि माझ्यासाठी फुलाला हात न लावता. दोन्ही बाजूंनी स्वतःलाच बांधून घेतलं होतं या बाईने. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

ऊन वर चढत गेलं. भादव्याचं ऊन पत्र्याखालीही लागतं. बाईजींचे ओठ पांढरे पडले होते, त्यांना माळ ओढायला जमत नव्हतं, मणी नुसते बोटांत होते. मी त्यांचा हात हातात घेतला तर गार. खालच्या बायका एकेक करून वर आल्या आणि फुलाभोवती उभ्या राहिल्या. कुणीतरी नवकार मंत्र म्हणायला लागलं. मी भिंगातून बघत होते. नळीतले केस मान टाकायला लागले होते. अजून थोडं, अजून थोडं, असं मी मनात म्हणत होते, आणि कुणाला उद्देशून, ते कळत नव्हतं.

ऊन गच्चीच्या मधोमध आलं तेव्हा फूल कललं आणि माशी चालत बाहेर आली. पाकळीवर थांबली. तोंडाशी पिवळा कण होता, भिंगातून स्वच्छ दिसला. मी जे पुस्तकात शिकवते ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते.

"आली! आली बाहेर!" नणंद ओरडली. वाटी वर आली, हातोहात बाईजींपर्यंत पोचली. बाईजींनी ती दोन्ही हातांत धरली.

माशीने कुंडीच्या काठावर बसून पाय पुसले. मग उडाली, चांगल्या वेलीवर गेली आणि एका कंदिलात शिरली.

याच क्षणासाठी मी दोन वर्षं त्या कंदांना उन्हापासून, पाण्यापासून, घुशींपासून जपलं होतं. आनंदाने ओरडायला हवं होतं. मी आधी बाईजींकडे पाहिलं. त्यांनी पाहू नये, एवढंच मला वाटलं.

त्यांनी पाहिलं होतं. वाटी ओठांपासून खाली आली.

"आई, ती बाहेर आली होती. तुझं पच्चक्खाण झालं पुरं," नवरा म्हणाला.

"बाहेर कुठं आली? इकडून तिकडं गेली."

उद्या सकाळपर्यंत, कदाचित दुपारपर्यंत माशी आत राहणार. तेवढा वेळ तिला हवाच होता, धडपडीशिवाय पराग बसत नाही. बाईजींच्या हातातली वाटी थरथरत होती, मुगाचं पाणी त्यांच्या पांढऱ्या साडीवर सांडत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. त्यांची नजर एकीकडे स्थिर राहीना. त्यांना उद्या दुपार दिसेल की नाही, याचं उत्तर मला जीवशास्त्रात शोधावं लागलं नाही.

मी पदराची पिन काढली.

"नको गं," बाईजी म्हणाल्या. "नको फाडू. माझं ऐक."

मी कंदिलाचा तळ चिमटीत धरला आणि पिनेने वरपासून खालपर्यंत चिरला. माझा हात अजिबात हलला नाही. भिंगाखाली पराग काढताना हाच हात कापत होता. माशी बाहेर आली, माझ्या अंगठ्यावर क्षणभर बसली. पिवळा कण तिच्या तोंडाशी तसाच होता. मग ती कठड्यावरून शेजाऱ्यांच्या टाकीकडे उडून गेली.

"घ्या आता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाईजींनी वाटी तोंडाला लावली. पहिला घोट मी पाजला, कारण त्यांच्या हातात धरायचं बळ नव्हतं. त्या पीत होत्या आणि रडत होत्या, आणि बायकांना वाटलं ते अठाई पूर्ण झाल्याचं रडू आहे.

चांगल्या वेलीला शेंग धरली नाही, आणि आजारी वेल महिनाभरात गेली. सरांना मी फोनवर सगळं सांगितलं, काही न लपवता. ते म्हणाले, "सासूबाई बऱ्या आहेत ना आता?" मी हो म्हणाले. नंतर बोलू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि बरेच दिवस त्यांचा फोन आला नाही. मला त्यांचा राग आला नाही. तीच दुपार पुन्हा आली तर मी पुन्हा फूलच फाडीन, याबद्दल मला शंका नाही. पण त्याने बरं वाटत नाही. दुसरी वेल कुठे असेल का म्हणून मी अजूनही घाटाकडच्या जुन्या मित्रमैत्रिणींना फोटो पाठवत असते, आणि ते दुसऱ्याच कुठल्यातरी फुलांचे फोटो मला परत पाठवतात.

यंदा चांगली वेल भरभरून फुलली. डॉक्टरांनी बाईजींना उपास बंद केले आहेत, त्या नुसत्या गच्चीवर येऊन बसतात. परवा मी चहा घेऊन वर गेले तर त्या एका फुलाखाली तळहात धरून बघत होत्या. आत माशी होती.

"आता हिला कोंडून काय उपेग?" त्यांनी विचारलं. "दुसरं झाड तर न्हाई."

"काहीच उपयोग नाही."

"मंग सोडवू का?"

मला आता अडवायला कारण नव्हतं. "सोडवा," मी म्हणाले.

त्यांनी नख फुलाला लावलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग हात काढून घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एकटंच हाय ते."

चहा गार झाला. माशी सुटेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.